कठड्याच्या पलीकडे

खालापूरचा टोलनाका मागे पडला आहे. पहाटेचे पाच वाजायला आलेत. मृगाचा पाऊस रात्रभर पडून आत्ताच थांबलाय आणि मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग दिव्यांच्या उजेडात काळा, ओला चमकतोय. मामा मधल्या लेनमधून ऐंशीच्या आसपास चालले आहेत. मागे आजी आणि मामी, दोघींच्या मध्ये मामांची नात गाढ झोपलेली. आजीला मुंबईत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय, म्हणून कराडहून रात्रीच निघालोय.

एकाएकी गाडीचा आवाज बदलतो. मागून, डावीकडून, फडफड असा जाड आवाज येतो आणि गाडीचा मागचा भाग डुलायला लागतो. मी दाराच्या वरची मूठ पकडते. मामांचा पाय ब्रेकवर जात नाही. ते फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडतात, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरतात आणि गाडीला तिचा वेग तिच्या तिच्यानं कमी करू देतात. नजर आरशाकडे. डावा इंडिकेटर. मागचा ट्रक उजवीकडून निघून जाईपर्यंत ते थांबतात, मग डावी लेन ओलांडून कडेच्या पट्टीवर येतात आणि चारी इंडिकेटर लावतात.

मला वाटतं, आता थांबणार. पण गाडी चालतच राहते, माणूस चालेल इतक्या वेगानं. चाकाखालून रबर चिरडल्याचा आवाज येतोय, मध्येच लोखंड घासल्यासारखा.

"अहो, टायर फाटंल की," मामी मागून म्हणतात.

"फाटू दे. हितं वळण हाय. मागनं येणाऱ्याला आपण दिसायचो न्हाई."

मामा एसटीतून निवृत्त झालेले चालक आहेत. कराड आगारातून त्यांनी मुंबई, बोरिवलीच्या रातराण्या चालवल्या, आधी जुन्या खंडाळ्याच्या घाटातून आणि २००२ साली हा रस्ता पूर्ण खुला झाल्यावर याच रस्त्यावरून. वळण संपतं, रस्ता सरळ होतो, कडेची पट्टी जरा रुंद होते. तिथे ते गाडी डावीकडे जितकी घेता येईल तितकी घेऊन थांबवतात. हँडब्रेक. पुढची चाकं डावीकडे वळवून ठेवतात, म्हणजे मागून कुणी धडकलंच तर गाडी रहदारीच्या लेनमध्ये फेकली जाणार नाही. इंजिन बंद, पण मागचे दिवे आणि चारी इंडिकेटर चालूच.

"सगळी खाली. डाव्या दारानं. उजवं दार कुणी उघडायचं न्हाई."

आजी हलत नाही. "मी बसते की हितंच. माझं गुडघं कुठं चालत्यात? चाक बदला तवर."

या एका वाक्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. हा विचार आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. बाहेर अंधार, ओल, चिखल, आणि गाडीत ऊब, गादी, छप्पर. म्हाताऱ्या माणसाला, झोपलेल्या मुलाला कशाला उठवायचं, असं प्रेमापोटीच वाटतं. गाडी घरासारखी वाटते. पण शंभरच्या वेगानं वाहणाऱ्या रस्त्याच्या कडेला उभी असलेली गाडी ही त्या क्षणी आसपासची सगळ्यात धोक्याची जागा असते, आणि आपण आपली सगळ्यात नाजूक माणसं तिच्यातच ठेवतो.

मामा स्वतःही उजव्या दारानं उतरत नाहीत. सत्तरीच्या जवळ आलेला तो माणूस गिअरच्या दांड्यावरून पाय काढून माझ्या सीटवर येतो आणि माझ्यामागून डावीकडून बाहेर पडतो. उतरताना सीटखाली हात घालून लाल त्रिकोणाची चपटी पेटी आणि बॅटरी काढतो. मग मागचं दार उघडून आईसमोर वाकतो.

"आये, गाडीचं मरू दे. तू उतर. माझ्या गळ्यात हात टाक."

आजी त्यांच्या चेहऱ्याकडे बघते आणि काही न बोलता हात टाकते. मामी नातीला खांद्यावर घेतात. ती झोपेतच रडू लागते.

पट्टीच्या कडेला लोखंडी कठडा आहे, कमरेच्या खाली येणारा. मी ओलांडते, मामी मुलीला माझ्याकडे देऊन ओलांडतात. आजीला ते शक्य नाही. मामा बॅटरी मारून बघतात. गाडीच्या मागच्या बाजूला, ज्या दिशेनं गाड्या येतायत तिकडे, थोड्या अंतरावर कठड्याला फट आहे. तिथपर्यंत ते आईला कठड्याला घासून, एकेक पाऊल करत नेतात, स्वतः रस्त्याच्या बाजूला राहून. फट जर नसती तर? मी नंतर विचारते तेव्हा ते म्हणतात, तर उचलून घातलं असतं. आणि पुलावर असतो, कडेला उतरायला जागाच नसती, तर मात्र सगळ्यांना आत बसवून, पट्टे आवळून लावून मदत मागितली असती. रस्त्यावर पायी भटकण्यापेक्षा ते बरं.

आम्ही चौघी आता कठड्यापलीकडच्या ओल्या गवतात उभ्या आहोत. मी सवयीनं गाडीच्या जवळ, तिच्या पुढच्या अंगाला सरकते, कारण तिकडे तिच्या दिव्यांचा उजेड आहे.

"तिकडं नको," मामा म्हणतात. "गाडीच्या म्होरं उभं ऱ्हायचं न्हाई. ठोकर बसली तर ती म्होरंच जाणार, कठडा मोडून जाणार. मागं या, माझ्याकडं."

म्हणून आम्ही गाडीपासून बरंच मागे, येणाऱ्या रहदारीच्या बाजूला जाऊन थांबतो. इथून गाडी पुढे लांब दिसते, तिचे पिवळे दिवे लुकलुकतायत. येणारी प्रत्येक गाडी आधी आमच्या समोरून जाते, मग तिच्या शेजारून. प्रत्येक वेळी वारा येतो, ओल्या रस्त्यावरचं पाणी तोंडावर उडतं. काचा लावून आत बसलेलं असताना हा वेग कधीच जाणवत नाही. कंटेनर जातो तेव्हा पायाखालची जमीन थरथरते.

मामा त्रिकोण उघडून जोडतात. तो छातीसमोर धरून, चमकणारी बाजू गाड्यांकडे करून, कठड्याच्या आतल्या बाजूनं चालत आणखी मागे जातात. मी मोबाइलवरून ११२ लावते. पलीकडची मुलगी आधी विचारते, कुणाला लागलंय का. मग विचारते, गाडीत कुणी आहे का. नाही म्हटल्यावर तिचा आवाज निवळतो. "कुठल्या दिशेनं जाताय?" पुण्याहून मुंबईकडे. "जवळचा किलोमीटरचा फलक दिसतोय का?" मी बॅटरीच्या झोतात आकडा वाचून सांगते. या रस्त्याला मधोमध दुभाजक आहे, चुकीच्या बाजूला निघालेली मदत पुढच्या फाट्यावरून वळून यायला किती वेळ घेईल याचा विचार केला की दिशा आणि आकडा या दोन गोष्टींचं मोल कळतं. "खालापूरच्या पुढे कुठेतरी" एवढ्यानं भागत नाही. कुणी जखमी असतं तर तिनं त्याच फोनवरून १०८ च्या रुग्णवाहिकेचीही सोय केली असती.

मामा शंभरेक पावलांवर त्रिकोण ठेवून परततात. तेवढ्यात एक टँकर जातो आणि त्याच्या वाऱ्यानं त्रिकोण आडवा होतो. ते पुन्हा मागे जातात, या वेळी एक दगड घेऊन त्याच्या पायावर ठेवतात.

"शंभर पावलं कशासाठी?" मी विचारते.

ते हिशोब मांडतात. शंभरच्या वेगानं येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. पन्नास मीटरवर काही दिसलं तर हातात दोन सेकंदसुद्धा नाहीत. त्यातला एक-दीड सेकंद डोळ्यांनी दाखवलेलं डोक्यात उतरायलाच जातो, आणि ते जागं असलेल्या चालकाचं. "ह्या टायमाला," मामा म्हणतात, "निम्मी लोकं उघड्या डोळ्यांनी झोपल्याली असत्यात. मी स्वता जाणतो. रातराणीला चार ते सहा हे दोन तास सगळ्यात वंगाळ." कठड्याच्या आतून चालायला जागा नसेल तर त्रिकोण ठेवायला जाऊच नये, हेही ते सांगतात. त्रिकोणापायी माणूस गेला तर काय उपयोग.

मला आमच्या गावाकडच्या रस्त्यांवर बिघडलेल्या ट्रकमागे ठेवलेल्या झाडाच्या फांद्या आणि दगडांच्या रांगा आठवतात. त्या ट्रकवाल्यांना दोष देववत नाही. हाताशी जे होतं त्यातून त्यांनी इशारा उभा केला. पण ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. मग रात्री त्या वाटेनं दुचाकीवर कुणीतरी येतं. माझ्या ओळखीच्या एका घरातला कर्ता मुलगा असा गेला. इशाऱ्यासाठी ठेवलेला दगड उचलून बाजूला टाकणं हे गाडी सुरू करण्याआधीचं काम आहे, नंतरचं नाही.

एक पांढरी गाडी आमच्या गाडीच्या पुढे जाऊन थांबते. दोन तरुण उतरतात, थेट आमच्या डिकीकडे येतात आणि वाकून चाक बघतात. डिकीमागे उभे राहिल्यामुळे आमचा एक मागचा दिवा त्यांच्या पायांनी झाकला गेलाय, हे इथून स्पष्ट दिसतं. मामा जिवाच्या आकांतानं ओरडतात, "आरं ए! हिकडं या! आधी कठड्याच्या आत या!"

ते दोघे दचकून येतात. चांगल्या घरची, भल्या मनाची मुलं आहेत. "काका, डाव्या बाजूचंच चाक आहे. दहा मिनिटांचं काम. आम्ही लावून देतो."

मामा एकाच्या खांद्यावर हात ठेवतात. "लेकरा, तुमी थांबला ह्यातच सगळं आलं. पर हितं चाक बदलायचं न्हाई. तुमीबी हितं थांबायचं न्हाई."

मग ते शेडुंगचं सांगतात. ५ जून २०१६, हाच रस्ता, मुंबईकडे जाणारी हीच बाजू, अशीच पहाटेची वेळ. पनवेलजवळ शेडुंगपाशी एक गाडी पंक्चर होऊन कडेला उभी होती आणि दुसऱ्या गाडीतली माणसं मदतीला थांबली होती. मागून आलेली खासगी बस दोन्ही गाड्यांवर आदळून खाली कोसळली. १७ माणसं गेली. मामा त्या वर्षी अजून नोकरीत होते, त्या आठवड्यात त्यांची याच रस्त्यावर ड्युटी होती. मुलं गप्प होतात. एक जण वळून आपल्या गाडीकडे बघतो.

मदत करू नका, असं मामांना म्हणायचं नाही आणि मलाही नाही. अपघात बघून माणसं काचा वर करून निघून जायची, कारण पोलीस, पंचनामा, कोर्टाच्या खेपा यांची धास्ती. २०१६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यातच तसं कलम आलं. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला आता नाव सांगायचीही सक्ती नाही. हे फार मोठं काम झालं, आणि ते घराघरात कळायला हवं. खोपोलीच्या परिसरात तर हाक येताच घाटात आणि दरीत उतरणारे स्वयंसेवक आहेत, त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण कायदा चौकशीपासून वाचवतो, मागून येणाऱ्या बसपासून नाही. मदतीला थांबणारा आधी स्वतः कठड्याच्या आत हवा. बऱ्याचदा खरी मदत म्हणजे न थांबता पुढे जाऊन फोन करणं.

मुलं आपल्या गाडीकडे जातात, कठड्याच्या आतून, मामांनी सांगितल्याप्रमाणे. आधी पट्टीवरूनच वेग घेतात आणि मग लेनमध्ये शिरतात.

पुन्हा पाऊस भुरभुरतो. मामी पदर नातीच्या डोक्यावर धरतात. एक मालट्रक हळूहळू जातो आणि मागे जळकट, करपलेला वास सोडून जातो.

"लायनर जाळल्यात," मामा नाक वर करून म्हणतात. "घाटातनं ब्रेक दाबत उतरलाय."

बोरघाट आम्ही तासाभरापूर्वी उतरलो, तेव्हा त्यांनी गाडी सबंध उतारभर खालच्या गिअरमध्ये ठेवली होती. ज्या गिअरवर घाट चढायचा त्याच गिअरवर उतरायचा, हा एसटीतला धडा. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो, तापला की पकड सोडतो, आणि पाय तळापर्यंत गेला तरी गाडी थांबत नाही. चढताना उलट इंजिन तापतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत अमृतांजन पुलाच्या जागेपाशी बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग मीही पाहिली आहे, आणि बाटली घेऊन रेडिएटरचं झाकण पिळायला निघालेली माणसंही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेलं असतं. शिटी न काढता कुकर उघडावा तसं ते तोंडावर येतं. मामांच्या आगारातला एक मेकॅनिक त्यात चेहरा भाजून घेऊन बसला होता. इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास नुसतं थांबायचं, एवढंच करायचं असतं, आणि तेच माणसाला जमत नाही. धूर येत असेल, जळका वास असेल, तर बॉनेटला हातच लावायचा नाही. सगळ्यांना लांब न्यायचं.

हे बोलणं चालू असतानाच समोर काहीतरी चुकतं. एक छोटा टेम्पो डाव्या लेनमधून येतोय आणि त्याचे दिवे सरळ रेषेत नाहीत. तो पट्टीची पांढरी रेघ ओलांडतो. त्याची डावी चाकं आत आली आहेत. मामा बॅटरीचा झोत जमिनीलगत हलवतात आणि घशाच्या तळापासून ओरडतात, जणू त्याला ऐकू जाणार आहे. लाल त्रिकोण त्याच्या उजेडात पेटल्यासारखा होतो. टेम्पो झटका देऊन उजवीकडे वळतो, डगमगतो, सावरतो आणि आमच्या गाडीला वळसा घालून निघून जातो.

कुणी काही बोलत नाही. आजी गाडीकडे बघत राहते. मग मामांचा हात धरते आणि मदत येईपर्यंत सोडत नाही.

गस्तीची गाडी येते तेव्हा फटफटलेलं आहे. छपरावर पिवळा दिवा फिरतोय. चमकणारी जाकिटं घातलेले दोन कर्मचारी उतरतात; त्यांची गाडी आमच्या गाडीच्या बरीच मागे, आडोशासारखी उभी. पहिल्यांदा ते शंकू लावतात, कडेपासून आत तिरक्या ओळीत, म्हणजे येणारी रहदारी आपोआप उजवीकडे सरकावी. सगळं झाल्यावर त्यातला वयानं मोठा आमच्याकडे येतो. "आजींना आमच्या गाडीत बसवा. थोडं पुढं वाहनं थांबवायची जागा आहे. तिथपर्यंत हळू घ्या, आम्ही मागं राहतो." मामा त्रिकोण आणि त्याच्यावरचा दगड, दोन्ही उचलतात. दगड कठड्यापलीकडे गवतात जातो.

थांब्यावर पोचल्यावर चाकाचं काम. डिकीत तांदळाची पोती, आंब्याची पेटी, गावाकडचं काय काय, आणि सगळ्याच्या तळाशी स्टेपनी. हे सगळं तिथे रस्त्याच्या कडेला उपसायला लागलं असतं, या विचारानं मला आता कापरं भरतं. पुष्कळ नव्या गाड्यांत तर स्टेपनी नसतेच. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते, असा बदल २०२० साली नियमांत झाला. आपल्या गाडीत काय आहे हे घरी, अंगणात, उजेडात एकदा उघडून बघितलेलं असावं.

मामा गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकतात, हँडब्रेक ओढतात, समोरच्या तिरप्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावतात. चाक जमिनीवर असतानाच पान्यानं नट ढिले करतात. उचलल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरते. मग दाराखालच्या पट्टीतली खाच हातानं चाचपून तिथेच जॅक बसवतात. चाक सुटण्याआधी स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवतात, जॅक सटकलाच तर गाडी तिच्यावर बसावी म्हणून. नवीन चाक चढल्यावर नट एकासमोरचा एक असे आवळतात आणि गाडी खाली आल्यावर पुन्हा एकदा, पान्यावर वजन टाकून. त्यांचे हात थरथरत नाहीत. माझे थरथरतायत.

कर्मचारी स्टेपनीवर मीटर लावतो. "चोवीस. कमी आहे. पण कळंबोलीपर्यंत जाईल. साठच्या वर नेऊ नका, डाव्या लेननं जा." मामा मान हलवतात. ते त्याला आंबे देऊ बघतात. तो घेत नाही, म्हणतो आजींना द्या. त्याचा फोन वाजतो. घाटात कुणाचीतरी गाडी बंद पडली आहे. दोघे लगेच निघतात.

कळंबोलीला रस्त्यालगतच पंक्चरचं दुकान उघडं आहे. दुकानदार टायर रिमपासून सोडवतो, आत हात फिरवून काळी रबराची भुकटी बाहेर काढतो. तळव्यात बोटभर लांबीचा खिळा रुतलेला.

"खिळ्याचं काही नव्हतं, काका. पण हवा गेल्यावर चालवलात ना, बाजू आतून कापली गेली. रिमलाही मार आहे. लगेच थांबला असतात तर वाचला असता टायर."

"ठाऊक हाय," मामा म्हणतात. "दुसरा दाखव. आन् त्या स्टेपनीत तेहतीस हवा भर."